झाड म्हणजे नेमकं काय? हरभऱ्यापासून झाडीपट्टीपर्यंत

शेतबांध

हरभऱ्याच्या झाडावर चढवणं हा वाक्प्रचार आपल्या सगळ्यांच्या तोंडी आहे. कुणी तोंडभरून खोटी स्तुती करायला लागलं की आपण म्हणतो, 'उगाच हरभऱ्याच्या झाडावर चढवू नकोस.' पण ज्याने हरभरा फक्त डब्यात नाहीतर उसळीत पाहिलाय, त्याला यातलं मर्म कळणं कठीण. आमचा भाग लातूरचा, रब्बीत जिकडे बघाल तिकडे हरभरा. पीक गुडघ्याला लागतं न लागतं. बुडापासूनच फांद्या फुटतात आणि आडव्या पसरतात. पानं बारीक, कडेने कातरल्यासारखी, अंगावर लव. त्या लवेवर आंब, म्हणजे आंबट रस, धरतो. सकाळी दव असताना रानातून चाललं की पोटऱ्या चुरचुरायला लागतात. जुनी माणसं रात्री पिकावर धुतलेलं फडकं पसरून ठेवायची आणि पहाटे ते पिळून आंब बाटलीत भरून ठेवायची, पोटदुखीवर द्यायला. घाटे, म्हणजे दाण्यांच्या शेंगा, भरले की मुळासकट उपटून जुड्या बाजारात येतात, त्यांना आम्ही डहाळे म्हणतो.

एवढ्याशा या पिकाला आपण झाड म्हणतो, आणि पारावरच्या वडालाही झाडच म्हणतो. हिंदीतही 'चने के झाड़ पर चढ़ाना' आहे, पण प्रमाण हिंदीत झाड़ म्हणजे झुडूप. वडाला, आंब्याला ते पेड़ म्हणतात. आपल्याकडे ही वाटणी नाही. गुलाबाचं झाड, वांग्याचं झाड, चिंचेचं झाड, सगळं एकाच शब्दात.

मग आपण झाड कशाला म्हणतो आणि कशाला म्हणत नाही? उंचीवर ठरत असेल म्हणावं तर ज्वारी माणसाच्या डोक्यावर जाते, तरी 'ज्वारीचं झाड' असं आमच्याकडे कुणी म्हणणार नाही. ताट म्हणतील, काही गावांत धाट. उसाचं बेट. गव्हाचा ठोंब. कांद्याची पात. आणि तूर, कापूस, मिरची, भेंडी, हरभरा यांची मात्र झाडं. 'एका झाडाला किती घाटे धरलेत?' हे तर बांधावरचं रोजचं बोलणं. मला यातून एवढं दिसतं की ज्याला फांद्या फुटतात ते झाड. लाकूड किती आणि उंची किती, याच्याशी शेतकऱ्याच्या तोंडच्या या शब्दाला फारसं देणंघेणं नाही.

शब्द मुळात आला कुठून? झाडणे, झाडू, झाडाझडती, झाडी, झुडूप हे सगळे एकाच घरातले की वेगवेगळ्या? आणि तुमच्या भागात झाड कशाकशाला म्हणतात? जाणकारांनी लिहावं.

पिंपळपार

फार आवडीचा विषय काढलात. माझ्या आजोबांनी सांगितलेली व्युत्पत्ती अशी: ज्याची पानं झडतात ते झाड. शिशिरात पळस, सावर, पांगारा बघा, पान म्हणून राहत नाही. पडणेपासून पाडणे, तसं झडणेपासून झाडणे, आणि त्यातूनच झाड. खाली पडलेला पाचोळा गोळा करायचा तो झाडू. सगळं एका धाग्यात नीट ओवलं जातं.

प्राकृतवेल्हाळ

पिंपळपार, ही व्युत्पत्ती गावोगाव ऐकायला मिळते. पण शब्दांचा माग काढत मागे गेलं की दोन वाटा वेगळ्या होतात.

हेमचंद्र हा बाराव्या शतकातला जैन आचार्य. गुजरातेत अणहिलपाटणला सिद्धराज जयसिंह आणि कुमारपाळ यांच्या काळात होऊन गेला. त्याने प्राकृताचं व्याकरण लिहिलं आणि 'देशीनाममाला' नावाचा कोशही केला. व्याकरणात तो सांगतो की संस्कृत शद् या धातूच्या जागी प्राकृतात झड येतो. शद् म्हणजे गळून पडणे, क्षीण होणे. आपलं झडणे हेच. त्याचं प्रयोजक रूप झाडणे, म्हणजे झडायला लावणे. झाडू, झाडलोट, झटकून झाडून, झडती हा सगळा गोतावळा या धातूचा.

'झाड' हे नाम मात्र त्याने देशीनाममालेत घातलं आणि अर्थ दिला 'लतागहन', वेलींची गच्च जाळी. या कोशात तो असेच शब्द घेतो जे संस्कृतातून नियमाने साधत नाहीत. झाड हा शब्द झड धातूपासून सरळ निघत असता तर त्याला देशी म्हणून बाजूला काढायचं कारणच नव्हतं. दोन्ही शब्द एकाच माणसासमोर होते, दोन्ही त्याला नीट माहीत होते, आणि त्याने ते दोन वेगळ्या ठिकाणी ठेवले. मला हा पुरावा फार मोलाचा वाटतो.

संस्कृत कोशांतही 'झाट' सापडतो, अर्थ निकुंज. अमरकोशाच्या वनौषधिवर्गात 'झाटल' हे एका वृक्षाचं नाव आहे. घंटापाटली किंवा मुष्कक म्हणतात तो, आपल्याकडचा मोखा. संस्कृतात झ-ने सुरू होणारे शब्द मुळात थोडे. त्यांतले बरेचसे आवाजाची नक्कल करणारे (झणत्कार, झंझा, झर्झर) आणि उरलेल्यांत लोकांच्या बोलीतून वर गेलेले पुष्कळ. झाट मला या दुसऱ्या गटातला वाटतो.

शेतबांध, तुमचं फांद्यांचं निरीक्षण इथे चपखल बसतं. मुळात झाड म्हणजे गुंतलेली, गच्च वाढ. पुढे मराठीत आणि गुजरातीत तो शब्द एकेकट्या झाडाला लागला, हिंदीत झुडपापाशी थांबला. आपल्या 'झाडी'त मात्र जुना अर्थ जिवंत आहे. झाडी म्हटलं की डोळ्यांसमोर एक झाड कधीच येत नाही, दाटी येते.

पिंपळपार

ताई, दाखला वजनदार आहे. तरी एक शंका राहते. इतके सारखे दोन शब्द, दोन्हींचा पानांशी संबंध, आणि तरी त्यांचं नातं नाही?

प्राकृतवेल्हाळ

बोलणाऱ्यांच्या मनात नातं जुळलंच आहे. म्हणून तर आजोबांनी ते सांगितलं, आणि तेही भाषेचंच काम आहे. पण जन्माचं नातं वेगळं. 'पान' घ्या. झाडाचं पान हे पर्ण, पण्ण, पान असं आलंय, कर्णचा कान झाला तसं. मद्यपानातलं पान हे पिणे या अर्थाच्या पा धातूपासून. आज दोन्ही सारखेच लिहितो आणि सारखेच उच्चारतो, पण एकमेकांचे कुणी लागत नाहीत. झाड आणि झाडणे यांचंही असंच आहे.

दौतटाक

झाडणे या बाजूचे काही अर्थ नोंदवून ठेवतो, कारण ते हळूहळू कानावरून जायला लागलेत.

'झाडा' हा हिशेबाचा शब्द. जमाखर्चाचा झाडा घेणे, झाडा देणे. 'केल्या कामाचा झाडा द्यावा लागेल' असं वडीलधारी माणसं अजून म्हणतात. कोपरान्‌कोपरा झाडून काढल्यावर लपलेलं काही उरत नाही, त्यातून झडती आणि झाडाझडती. 'झाडून सगळे लग्नाला आले' यातलं झाडूनही तेच, मागे कणही न ठेवता. हात झाडणे म्हणजे जबाबदारी नाकारणे, तर अंग झाडून कामाला लागणे म्हणजे आळस टाकून भिडणे. गोळ्या झाडतात, फैरी झाडतात, लेक्चर झाडतात. चौघडा झडतो. या सगळ्यांत एक झटका आहे, एका जागेवरून जोराने सुटणं आहे. वडाशी किंवा हरभऱ्याशी यातल्या कशाचंच नातं लावता येत नाही. त्यामुळे प्राकृतवेल्हाळ म्हणतात ते पटतं.

पावसाची झड हीही याच बाजूची. आमच्या आजोळी, वऱ्हाडात, सतत पाऊस लागला की 'झड लागली' म्हणतात. अशा दिवसांत सरपण ओलं, कपडे वाळत नाहीत आणि घरात सगळीकडे दमट वास.

सुरती_मराठी

आमच्याकडे गुजरातीत ઝાડ... माफ करा, देवनागरीतच लिहिते. गुजरातीत झाड म्हणजे झाडच, अगदी मराठीसारखं. आंब्याला 'आंबानुं झाड'. बाजारात मराठी बोलताना हा एक शब्द कधी बदलावा लागत नाही.

अवांतर: दिवाळीत आम्ही भुईनळ्याला झाड म्हणायचो. 'आधी झाडं लावा, मग भुईचक्र.' ठिणग्यांचा फुलोरा वर जाऊन चहूकडे पसरतो म्हणूनच ना? जुन्या वाड्यांतल्या काचेच्या झुंबरांनाही झाड म्हणत, हंड्या आणि झाडं.

शेतबांध

सुरती_मराठी, भुईनळ्याचं झाड आमच्याकडेही आहे! आणि तिथेही रूप पसरण्याचंच. बाण सरळ वर जातो, त्याला कुणी झाड म्हणत नाही.

वैनगंगा

झाडीचा विषय निघाला आणि झाडीपट्टीचा माणूस गप्प बसेल असं होणार नाही. मी गोंदियाचा.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा मोठा भाग मिळून झाडीपट्टी. हे नाव कुणी अलीकडे पर्यटनासाठी दिलेलं नाही. महानुभावांच्या जुन्या वाङ्मयात 'झाडी' हे प्रदेशाचं नाव म्हणून येतं. झाडीमंडळ असंही म्हणत. आमच्याकडे झाडे आडनावाची माणसं आहेत, झाडे कुणबी आहेत, आमची बोली झाडीबोली. तिच्यात ळ नाही आणि ण नाही. डोळा म्हणजे डोरा, काळा म्हणजे कारा, पाणी म्हणजे पानी. शहरात शिकायला गेलो की याच गोष्टीवरून पोरं हसायची, आणि कित्येकांनी त्या भीतीने बोली तोंडातून काढून टाकली. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीचा शब्दकोश केला, तिच्यासाठी आयुष्य घातलं, तेव्हा आमच्या लोकांना कळलं की आपण 'अशुद्ध' बोलत नाही, आपण वेगळं बोलतो.

झाडीपट्टीचं नाटक तर सगळ्यांनी एकदा येऊन बघावं. दिवाळी झाली, धान कापणीला आलं की गावोगाव मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरायला लागते. मग शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि शंकरपटाच्या रात्री नाटक. वडसा, म्हणजे कागदोपत्री देसाईगंज, हे या धंद्याचं केंद्र. नाटक कंपन्यांची कार्यालयं तिथे आहेत, गावकरी तिथे येऊन तारखा ठरवतात. मोकळ्या शेतात खोलगट जागा करून कनातीचा मंडप उभा राहतो. नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि उजाडेपर्यंत चालतं. थंडी अंगात भरलेली असते, बाया पोरांना चादरीत गुंडाळून बसलेल्या असतात, आणि गाण्याला 'वन्स मोअर' मिळाला की ते पुन्हा होतंच. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी. त्या दिवशी आमच्याकडे लग्नघरासारखा आनंद होता.

तेव्हा हेमचंद्राने झाडचा अर्थ गच्च जाळी असा दिलाय हे वाचून ऊर भरून आला. आमच्या प्रदेशाच्या नावात तो अर्थ आजही धडधडीत आहे. झारखंड या नावातलं झारही हेच झाड.

कलम_आणि_कायदा

वैनगंगा, अप्रतिम प्रतिसाद. तुमच्याच भागात या शब्दांवरून किती मोठा न्यायालयीन प्रश्न झाला ते इथे यायला हवं. मी वकिली करते, महसुलाची प्रकरणं हाताळते.

पूर्व विदर्भातल्या नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत महसूल दप्तरी 'झुडपी जंगल' अशी जमिनीची एक नोंद आहे. गावची गुरं चरायची, सरपण मिळायचं, अशा हलक्या पडीक जमिनी. झाडं मोठी नाहीत, झुडपं आहेत, म्हणून झुडपी. लोक ती जमीन गावाच्या उपयोगाची समजत आले. पुढे तिच्यावर शाळा झाल्या, घरं झाली, स्मशानभूमी झाल्या, सरकारी कार्यालयंही झाली.

१९८० साली वन संवर्धन कायदा आला. वनजमीन दुसऱ्या कामाला वापरायची तर केंद्राची परवानगी लागते असा तो कायदा. मग वाद सुरू झाला: झुडपी जंगल हे जंगल आहे का? नावात जंगल आहे, पण झुडूप म्हणजे झाड धरायचं की नाही? १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वनांबद्दलच्या गोदावर्मन प्रकरणात सांगितलं की 'वन' हा शब्द कोशातल्या अर्थाने घ्यायचा, मालकी कुणाचीही असो. शब्दकोश उघडून अर्थ बघणं हा आपला इथला आवडीचा उद्योग, पण त्या एका वाक्याने देशभरातल्या जमिनींचं भवितव्य ठरलं. झुडपी जंगलाबद्दलचा निकाल तर २२ मे २०२५ ला आला. न्यायालयाने या जमिनी वनजमिनीच मानल्या. १९९६ च्या त्या तारखेच्या आधी सक्षम अधिकाऱ्यांनी ज्या जमिनी दिल्या होत्या, त्यांच्यासाठी केंद्राची मंजुरी घेण्याची सवलतीची वाट ठेवली. प्रश्न ८६ हजार हेक्टरांहून जास्त जमिनीचा होता.

मला व्यक्तिशः हा निकाल योग्य वाटतो. 'नुसती झुडपं आहेत' असं म्हणून जी जमीन निरुपयोगी ठरवली जाते, तिच्यावरच गावातल्या गरिबांची गुरं जगतात. पण तीस-चाळीस वर्षं घर बांधून राहिलेल्या माणसाची मंजुरी कागदांत अडकून पडू नये, हेही तितकंच मनापासून वाटतं.

रायपूरकर

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून लिहायला बसलो. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या छत्तीसगडात राहणारी मराठी मंडळी. १९५६ पर्यंत नागपूर, भंडारा, चांदा (आजचं चंद्रपूर) आणि आमचं रायपूर एकाच प्रांतात होतं, त्यामुळे दप्तरं सारख्या वळणाची. आमच्याकडे महसुली नोंदी आजही अशा असतात: 'बड़े झाड़ का जंगल' आणि 'छोटे झाड़ का जंगल'. जमीन घ्यायची तर आधी खसऱ्यात, म्हणजे जमिनीच्या नोंदवहीत, हे बघतात, नाहीतर पैसे अडकले म्हणून समजा.

गंमत बघा, शेतबांध म्हणाले की हिंदीत झाड़ म्हणजे झुडूप. पण या नोंदीत बड़े झाड़ही आहेच. म्हणजे मध्य प्रांतातल्या हिंदीत झाड़ हा मराठीसारखाच दोन्ही पोटात घेणारा शब्द होता, आणि म्हणूनच त्याला छोटे-बड़े अशी विशेषणं लावावी लागली. आमच्या छत्तीसगढीत झाडाला रुख म्हणतात. रुख-राई म्हणजे झाडंझुडपं.

प्राकृतवेल्हाळ

रायपूरकर, हा दाखला फारच मोलाचा! हिंदीचा विचार करताना आपण दिल्लीकडे बघतो आणि शेजारची हिंदी विसरतो.

रुख आपलाही आहे. संस्कृत वृक्ष, पालीत आणि प्राकृतात रुक्ख, त्याचा रुख. ज्ञानेश्वरीच्या पंधराव्या अध्यायात वर मूळ आणि खाली फांद्या असलेल्या संसारवृक्षाचं मोठं वर्णन आहे, तिथे ज्ञानदेव 'रुख' शब्द वापरतात. गोव्यात कोकणी बोलणारे आजही रूख म्हणतात. आपण मात्र तो गमावला. घरात झाड राहिलं आणि पाहुण्यांसमोर, सरकारी फलकावर, निबंधात वृक्ष आला. मधला रुख तेवढा गेला. मला त्याची खरोखर हळहळ वाटते. 'वृक्ष' उच्चारताना पोराटोरांची जीभ अडखळते. रुख किती सोपा होता.

कलमी_हापूस

देवगडवरून लिहितोय. आमच्याकडे झाड शब्द आहे (आम्ही 'आंब्याचा झाड' म्हणतो, 'आंब्याचं' नाही), पण बागायतदार तो फारसा वापरत नाही. हापूसच्या झाडाला सरळ 'कलम' म्हणतात. 'माझी अमुक इतकी कलमां', 'यंदा कलमांक मोहोर उशिरा इलो.' कलम म्हणजे खरं तर जोडायची फांदी, कापून लावलेला तुकडा. शब्द अरबी-फारसीतून आला. लेखणीचं कलम तेच, आणि कायद्याचं कलमही तेच. आमच्याकडे कापलेल्या तुकड्याचं नाव अख्ख्या झाडाला लागलं, पन्नास वर्षांचं जुनं झालं तरी ते कलमच. बाठ्यापासून वाढलेलं ते रायवळ.

नारळ म्हणजे माड. सुपारी म्हणजे पोफळ. 'नारळाचं झाड' म्हणणारा घाटावरचा, हे लगेच ओळखू येतं. शेतबांध, तुमच्या फांद्यांच्या नियमात हे बसतंय बघा. माड आणि पोफळ दोन्हींना फांद्या नाहीत, आणि ज्यांचं पोट त्यांच्यावर आहे त्यांनी त्यांना वेगळी नावं ठेवली.

तापीकाठ

केळीचंही तसंच. रावेर-यावल भागात आम्ही केळी मोजतो ती खोडांवर. 'किती खोडं लावली?' असं विचारतात. वादळात नुकसान झालं की पंचनाम्यातही खोडंच. केळीला खरं खोड जमिनीत असतं, वर दिसतो तो पानांच्या देठांचा एकावर एक बसलेला गठ्ठा, पण बोलण्यात त्यालाच खोड म्हणतात. बुडाशी फुटतात ते मुनवे. घड कापल्यावर त्यातला एक राखून पुन्हा पीक घेतलं की ती पिलबाग. जूनची लागण मृगबाग, आणि दिवाळीच्या सुमाराची कांदेबाग.

पाहुण्यांशी बोलताना केळीचं झाड म्हणतो, नाही असं नाही. पण मजुरांशी बोलताना तो शब्द तोंडात येत नाही.

शहापूर_पेठ

बेळगावात आमच्या कानावर कन्नड रोजचीच. म्हैसूरकडच्या कन्नडात झाडाला मर म्हणतात आणि रोपाला, झुडपाला गिड. आमच्याकडच्या, धारवाड-बेळगावच्या कन्नडात लिंबाच्या मोठ्या झाडालाही गिडच म्हणतात. मराठीत झाड, उत्तर कर्नाटकात गिड. दोन भाषा, पण रीत एक. शेजार असा दिसतो.

मुसीकाठी

हैदराबादेतून +१. तेलुगूतला चेट्टु असाच. मामिडी चेट्टु म्हणजे आंब्याचं झाड आणि मिरप चेट्टु म्हणजे मिरचीचं. दख्खनच्या पठारावर राहणाऱ्यांना झाड लहान की मोठं हे शब्दात सांगायची गरज वाटली नसावी.

वैनगंगा

फांद्यांवरून आठवलं. बांबू राहिला की! मराठीत बांबूचं झाड कुणी म्हणत नाही, बेट म्हणतात. वेळूचं बेट. वनस्पतिशास्त्रात ते गवतच. पण १९२७ च्या भारतीय वन कायद्यात झाडाच्या व्याख्येत बांबू होता. त्यामुळे स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडून न्यायचा तरी वाहतूक परवाना लागायचा. आमच्या बुरूड लोकांनी, टोपल्या आणि सूप विणून जगणाऱ्यांनी, यापायी काय काय सोसलं ते सांगता सोय नाही.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाचं नाव सगळ्यांनी ऐकलं असेल. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणारं गाव. वनहक्क कायद्याखाली त्यांना १,८०० हेक्टरांवर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. त्या कायद्यात बांबू गौण वनोपजात (लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या वस्तूंत) धरलेला आहे, म्हणजे तो गावाचा. तरी वाहतूक परवान्यावर अडलं होतं. शेवटी २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक गावाचे पुढारी देवाजी तोफा यांच्या हाती दिलं. ग्रामसभा स्वतःच परवाना देऊ लागली. देवाजींसारख्या माणसाने वर्षानुवर्षं शांतपणे, अभ्यास करून हे मिळवलं, त्याचा आम्हा गडचिरोली-गोंदियाच्या लोकांना फार अभिमान आहे.

कलम_आणि_कायदा

वैनगंगा, पुरवणी जोडते. नोव्हेंबर २०१७ मध्ये अध्यादेशाने आणि पुढे २०१८ च्या दुरुस्तीने त्या व्याख्येतून बांबू हा शब्द काढून टाकला. त्यामुळे वनाबाहेर, शेतात वाढवलेल्या बांबूला आता ती अडचण नाही. व्याख्येत अजून काय आहे ते वाचा: ताड-माडासारखी झाडं, वेत, तोडल्यावर उरलेले बुंधे आणि झुडपंही. म्हणजे १९२७ च्या कायद्याचं झाड आपल्या मराठी झाडापेक्षाही ऐसपैस. माड त्यात आहे, जो देवगडकरांच्या मते झाड नाही.

कलमी_हापूस

झाड नाही असं नाही ताई. माड तो माड, एवढंच.

पिंपळपार

शेतबांध, मग तुळशीचं काय? आमच्याकडे कधी रोप म्हणतात, कधी झाड. तुमच्या नियमाने कुठे टाकायची?

शेतबांध

पिंपळपार, यावर घरात विचारलं. आमच्याकडे वृंदावनात नवीन लावतात तेव्हा ते तुळशीचं रोप. फांद्या फुटून डेरेदार झाली, मंजिऱ्या धरायला लागली की तुळशीचं झाड. कुणी ठरवून केलेलं नाही, पण आई आणि शेजारच्या काकू दोघीही असंच बोलतात. त्यातच तिचं खोड जून होऊन लाकूड धरतं, आणि वारकऱ्यांच्या माळेचे मणी त्या लाकडाचेच कातलेले असतात. पंढरपुरात ही कामं करणारी घरं आहेत. तिकडचं कुणी इथे असेल तर विचारायचंय की मण्यांसाठी लाकूड घेताना ते तुळशीला काय म्हणतात, झाड, खोड की आणखी काही वेगळा शब्द आहे?